दाराच्या कोपऱ्यातली खाच

मी एक जुने पुस्तक आहे. मित्रांनो, बाई आता येणार नाहीत हे मला कोणी सांगितले नाही. त्या दिवशी सकाळपासून घरात माणसांची ये-जा होती आणि सगळे हळू बोलत होते. दुपारी मिस्त्री एकटेच खोलीत आले. त्यांनी कपाटाचे दार लावले, कुलूप घातले आणि किल्ली खिशात टाकली. बाई असताना ह्या कपाटाला कधी कुलूप लागले नव्हते. तेव्हा मी समजलो.

मिस्त्री म्हणजे बाईंचे यजमान. ते सुतार आणि बाई शाळेत शिकवायच्या. ते त्यांना ‘मास्तरीण’ म्हणत, त्या त्यांना ‘मिस्त्री’. भांडतानाही हीच नावे. काचेच्या दारांचे हे कपाट लग्नानंतर मिस्त्रींनीच बनवले.

माझा विषय म्हणाल तर माती, पाणी, झाडे, किडे आणि माणूस ह्या सगळ्यांशी कसा वागतो ते. माझा एक शेजारी नदीवरचा, एक पक्ष्यांवरचा, एक जाडजूड जंगलावरचा. माझा कागद कधीकाळी झाड होता आणि कपाटही झाडच होते, म्हणून आमचे बरे जमले.

माझे चांगले दिवस पुष्कळ झाले. शाळेची मुले मला ओढ्यावर न्यायची, शेताच्या बांधावर न्यायची. एकदा एका मुलाचा चिखलाने भरलेला अंगठा माझ्या पानावर उमटला. तो रडवेला होऊन आला, तर बाई हसल्या.

“गांडुळाच्या पानावर माती नाही लागायची तर कुठे लागायची?”

तो डाग माझ्या अंगावर अजून आहे. मला तो बक्षिसासारखा वाटतो.

संध्याकाळी मिस्त्री रंधा मारत असत आणि बाई शेजारी बसून मला मोठ्याने वाचत.

“झाडं तोडू नका म्हणतं तुझं पुस्तक,” मिस्त्री कुरकुरायचे. “मग मी खुर्च्या काय चिखलाच्या करू?”

“तोडू नका नाही म्हणत. तोडता तेवढी लावा म्हणतं. नीट ऐकत जा जरा.”

“रंध्याच्या आवाजात जेवढं ऐकू येतं तेवढं ऐकतो.”

पण ऐकत होते. त्याच वर्षी त्यांनी घरामागे रोपे लावली.

असे वाचता वाचता माझे एकच प्रकरण उरले, शेवटचे. खुणेला बाईंनी रंध्याखालून निघालेली लाकडाची पातळ साल ठेवली आणि मला कपाटात ठेवले. मग शाळेत परीक्षा आल्या, वाचन थांबले. कपाटाचे दार उघडेच होते. त्यातून एक कुंभारीण माशी आत आली. तोंडात ओल्या चिखलाची गोळी घेऊन ती पुन्हा पुन्हा यायची. माझ्या आणि नदीच्या पुस्तकाच्या पाठीवर मिळून तिने मातीचे घर बांधले. आत अंडी घातली, दारे लिंपली आणि निघून गेली.

मिस्त्री पटाशी घेऊन आले. “थांब, खरवडून काढतो.”

“हात लावाल तर बघा! आत तिची पिल्लं आहेत.”

“अगं, पण शेवटचं प्रकरण?”

“ते कुठं पळून जातंय? पिल्लं उडाली की वाचू. आणि दाराला कोपऱ्यात एक खाच पाडून द्या, बोटाएवढी. वाऱ्यानं दार लागलं तर ती बाहेर कशी पडतील?”

“माझ्या कपाटाला भोक? लोक म्हणतील, मिस्त्रीला माप घेता येत नाही.”

“म्हणू देत.”

मिस्त्रींनी खाच पाडली. वर पॉलिश पेपरने कडा घासल्या, पंखांना टोचू नये म्हणून.

पुढच्याच आठवड्यात बाई तापाने दवाखान्यात गेल्या. त्यानंतरचे मी सुरुवातीलाच सांगितले.

कुलूप लावल्यावरही मिस्त्री रोज येऊन काचेतून आमच्याकडे पाहत. एक दिवस त्यांना पुस्तकांवर धूळ दिसली. ती खाचेतून येत होती. बाईंच्या पुस्तकांवर धूळ त्यांना सहन झाली नाही. त्यांनी लाकडाचा तुकडा घासून बरोबर खाचेत बसवला आणि सरस लावून पक्का केला. खाच कोणासाठी होती, हे त्यांच्या ध्यानातच राहिले नाही. त्या दिवसांत ते चुलीवरचे दूधही विसरत होते.

मित्रांनो, तेव्हापासून आत वारा नाही. माझी पाने एकमेकांना चिकटू लागली. माझ्या पाठीवरच्या मातीत हालचाल सुरू झाली. आतली अळी आता माशी होणार, माती फोडणार, वाट शोधणार. हे सगळे माझ्याच पानावर छापलेले आहे. पण कोणी उघडल्याशिवाय पुस्तकाला तोंड नसते.

पहिली माशी बाहेर आली आणि काचेवर आपटू लागली. आपटून आपटून फळीवर पडली. मग दुसरी आली.

लेक माहेरी आली होती. ती म्हणाली, “बाबा, कपाटातून गुणगुण येतेय.”

“लाकूड पोखरणारा किडा असेल. औषध मारतो.”

ते औषधाचा पंप घेऊन आले आणि काचेशी वाकले. दुसरी माशी काच सोडून कोपऱ्यात गेली होती. बुजवलेल्या खाचेवर, बरोबर तिथेच, ती पाय घासत होती. मिस्त्रींचा हात थांबला.

“अरे देवा,” ते म्हणाले. “मास्तरणीचे पाहुणे!”

पंप खाली ठेवून ते खिशात किल्ली चाचपू लागले. कुलूप निघाले. माशी त्यांच्या कानावरून खिडकीकडे गेली आणि बाहेर पडली. फळीवरची उठली नाही. मिस्त्रींनी तिला तळहातावर घेतले.

“मीच बंद केलं गं,” ते लेकीला म्हणाले.

“तुम्हाला कुठं सुचत होतं, बाबा!”

मातीचे घर आता रिकामे होते. त्यांनी मला बाहेर ओढले तेव्हा ते सहज सुटून पडले. मिस्त्री खाली बसले, लाकडाची साल होती तिथे त्यांनी मला उघडले.

“मी वाचून दाखवू?” लेकीने विचारले.

“नको. माझं मी वाचेन.”

त्यांचे बोट पहिल्या ओळीवर फिरले आणि तिथेच राहिले. बऱ्याच वेळाने साल पुन्हा जागेवर ठेवून त्यांनी मला मिटले.

मित्रांनो, आम्हाला जपायचे म्हणून कोंडून ठेवू नका. आमच्यावर चिखलाची बोटे उमटू द्या. आमच्यात जे लिहिले आहे ते सगळे बाहेर, उघड्यावर आहे. जीव लावलेल्या वस्तूला कुलूप घालण्याआधी आत कोण आहे ते बघा.

मिस्त्रींनी पटाशीने खाच पुन्हा मोकळी केली. कुलूप काढून टाकले. मी माझ्या जागेवर आहे आणि आता वारा येतो.

शेवटचे प्रकरण वाचायचे राहिले आहे.