लॉरीचे खांदे

रायभान रुसला होता. पंचावन्न वर्षांचा बाप्या, मिशा पिकलेल्या, पण रुसवा असा की नव्या नवरीनं हात टेकावेत. महिना झाला, देशमुखांच्या शेतातल्या आखाड्यावरून जाताना तो मान उलटीकडं फिरवून जायचा. तिथं पत्र्याच्या छपराखाली त्याची मोटार उभी होती, आणि तिची आता लॉरी झाली होती.

'त्याची' म्हणायची आपली रीत. मोटार टाकळीच्या देशमुखांची. थोरले देशमुख किशनराव यांनी ती अठरा वर्षांपूर्वी हैदराबादेतल्या एका नवाबाकडून घेतली, तेव्हा लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून तिला हात जोडायचे. लाकडी आऱ्यांची चाकं, पितळी दिवे, कातड्याची गादी. रायभान तिचा डायवर आणि तिचा वैद्यही तोच. किशनराव वारले तरी त्यानं तिचा एक खिळा बदलू दिला नाही. दिव्याची काच फुटली, तर तसलीच काच आणायला हा गडी स्वतः सिकंदराबादेला जाऊन आला. त्याची बायको मनकर्णा तेव्हा बोललीच होती, "मला ताप भरला तर गंगाखेडापस्तोर न्हाई नेलं तुमी. अन् त्या सवतीच्या काचंसाठी सिकंदराबाद!"

आता किशनरावांचे चिरंजीव, धाकटे देशमुख दिनकरराव काही वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून ठेवतो. मागच्या पावसाळ्यात गावातल्या दगडाबाईची सून बाळंतपणात अडली. तिला दवाखान्यात न्यायला दिनकररावांनी मोटार काढायला सांगितली. रायभान म्हणाला, "चिखलात आरे मोडतील, मालक. असे आरे आता दुनियेत मिळायचे न्हाईत." पोर बैलगाडीत निघाली आणि पोखर्णीच्या अलीकडंच संपली. या आषाढात दिनकररावांनी परभणीहून एक मिस्त्री आणला आणि मोटार त्याच्या ताब्यात दिली.

मिस्त्रीनं ती मधोमध कापली. लांबवली. मागं फळ्यांचा हौदा ठोकला, त्यात दोन्ही बाजूंना बाकडी बसवली, आऱ्यांची चाकं काढून लोखंडी घातली. कापूस जिनिंगवर जाईल, आजारी माणूस दवाखान्यात जाईल, म्हाताऱ्याकोताऱ्यांना देवाला जाता येईल. खोटं काय होतं त्यात?

रायभान मात्र पहिल्या दिवसापासून एकच धोशा लावून बसला. "मालक, ही पाच माणसांची गाडी. बिरेक निस्ते मागच्या दोन चाकांना. चाकाच्या ढोलाला बाहेरून पट्टा आवळतो, अन् एक हातबिरेक, तेवढाच तिचा आधार. अन् तुमी वीस माणसं घालायलेत."

"दादा," दिनकरराव म्हणाले, "खरं सांगा. तुमाला फिकीर बिरेकची हाय का पितळी दिव्यांची?"

रायभाननं मान फिरवली. कारण फिकीर दोन्हींची होती, आणि दिव्यांची अंमळ जास्तच होती. तिथंच तर सगळी गोम होती. त्यानं रागारागानं चाव्या काढून दिल्या. दिनकररावांनी आपला मावसभाऊ बन्सीधर याला बोलावून घेतलं. तो जालन्याला लॉरी चालवून आलेला, पान खाणारा, हसरा गडी. रायभाननं ठरवलं, या कापलेल्या गाडीकडं आपण ढुंकूनही बघायचं नाही. मनात मात्र रोज नवस चालायचा, की देवा, एकदा हिची गावासमोर फजिती होऊ दे. मालकानं कान धरून म्हणू दे, दादा, चुकलो, हिला होती तशी करा.

देवानं ऐकलं, असं आता म्हणवत नाही.

पोळ्याच्या आदल्या सांजेला खांदेमळण असते. वर्षभर जू वाहून बैलाच्या खांद्यांना घट्टे पडलेले असतात, ते लोणी-हळदीनं चोळायचे आणि उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. देशमुखांचे सहा बैल आखाड्यावर धुऊन उभे होते. किशनरावांची विधवा पार्वतीबाई, सत्तरी उलटलेली बाई, पितळी वाटीत लोणी-हळद आणि पळसाचं पान घेऊन एकेका बैलाचे खांदे मळत होत्या. सहावा झाला, तरी वाटीत बरंच उरलं. त्या कंबरेवर हात ठेवून लॉरीकडं वळल्या.

"रायभान, हिचे खांदे कुठं रे?"

रायभान लॉरीकडं पाठ करून उभा होता. "कुनाचे, आईसाब?"

"हिचे. इतकी वर्सं बसून खायाची, तवा न्हाई मळले. आता घराचं ओझं ही बी वाहणार. मंग हिला उपाशी ठेवून कसं भागंल?"

गडीमाणसं हसली. बाईचं काही चुकलं नव्हतं. ओझं वाहील त्याचे खांदे मळायचे, हीच रीत. रायभानला मात्र त्या हसण्यानं इंगळी डसल्यागत झालं. त्याच्या राणीसारख्या गाडीला या लोकांनी बैलांच्या दावणीला बांधलं होतं! तो फणकाऱ्यानं म्हणाला, "सारा भार मागच्या चाकांवर येतो, आईसाब. तेच खांदे समजा."

पार्वतीबाई खाली बसल्या. चाकाच्या आतल्या बाजूला हात घालून त्यांनी पळसाच्या पानानं ढोलाला लोणी चोळलं. ढोलाला आवळणाऱ्या पट्ट्यालाही चोळलं, चांगलं बोटांनी आत सारून, जसं बैलाच्या घट्ट्यात जिरवतात तसं. एका चाकाचं झालं, मग दुसऱ्याचं. "आज आवतण घ्या, उद्या जेवाया या," त्या लॉरीला म्हणाल्या, आणि उठताना रायभानच्याच हाताला धरून उठल्या.

रायभाननं पाहिलं. अर्ध्या मानेनंच, पण पाहिलं. लोणी लागलेला पट्टा लोखंड धरत नाही, हे त्याच्याइतकं त्या आखाड्यावर कुणाला कळत होतं? तोंड उघडायला एक क्षण पुरला असता. पण त्याच क्षणी त्याला दिसलं, की छपरापासून कडब्याच्या गंजीपर्यंत उतार आहे. सकाळी बन्सीधर गाडी मागं घेईल, ब्रेक दाबेल, आणि लॉरी सरळ जाऊन कडब्यात घुसेल. कुणाला खरचटायचंही नाही. गाव हसेल. मालक म्हणतील, दादा खरं सांगत होते.

तो घरी गेला आणि त्यानं निवांत भाकर खाल्ली. मनकर्णानं दोनदा विचारलं, "आज काऊन हसायलात?"

रात्रीत गावात आणि वरच्या अंगाला पाऊस झाला. सकाळी रायभान चिंधी आणि रॉकेलची बाटली बंडीखाली घेऊन आखाड्यावर निघाला. लॉरी कडब्यात घुसली, की हसं पुरं झाल्यावर पट्टा पुसून टाकू, असा त्याचा हिशेब. आखाड्यावर पोचला, तर छपराखाली लॉरी नाही. गंजी जागच्या जागी. जमीन निसरडी म्हणून बन्सीधरनं गड्यांकडून गाडी ढकलत, चाकाखाली दगड देत, पहाटंच रस्त्यावर नेली होती.

मारुतीसमोर लॉरी भरून उभी होती. झेंडूच्या माळा, गुलाल, आणि हौद्यात एकोणीस माणसं, बहुतेक बाया आणि म्हातारे. पोखर्णीच्या नरसिंहाला नारळ फोडून दुपारच्या आत पोळ्याला परत यायचं होतं. मनकर्णा गर्दीत उभी होती. तिला बसायला सांगितलं, तर ती म्हणाली, "अमावस्येला नव्या गाडीत मी न्हाई बसत." तिला सगळे हसले. पुढच्या गादीवर बन्सीधरशेजारी पार्वतीबाई होत्या, नवं लुगडं नेसून, मांडीवर नारळ घेऊन. दिनकरराव पोळ्याच्या तयारीला गावात थांबणार होते.

"या, रायभानदादा!" ते सगळ्यांसमोर म्हणाले. "आज तरी बगा तिच्याकडं. रुसवा सोडा."

"मालक, ते बिरेक—"

"झालं! बिरेक, बिरेक! महिनाभर दुसरं काही बोलले हायेत का हे?"

गाव खो खो हसलं. रायभानच्या ओठावर आलं होतं, की लोणी लागलंय, पुसू द्या. पण पुढचा सवाल त्याला लगेच ऐकू आला, मग काल काऊन न्हाई सांगितलं? काय सांगणार होता तो? तुमची फजिती बघायची होती म्हणून? आणि त्या म्हातारीनं एवढ्या मायेनं केलेलं, तिला गावासमोर काय तोंड राहील? लॉरी हलली. तेव्हा काही न सुचून त्यानं धाव घेतली आणि पार्वतीबाईंच्या बाजूच्या पायरीवर उडी मारली.

"बसा, बसा," बन्सीधर हसला, "गेला म्हणा रुसवा!" पार्वतीबाईंनी अंग चोरून त्याला जागा दिली.

सपाट रस्त्याला भीती नव्हती. रायभाननं मनाला समजावलं. पायाचा ब्रेक गेला तरी हाताचा ब्रेक आहे. त्याचा पट्टा वेगळा, ढोलाच्या आत, तिथं लोणी पोचत नाही. दांडा डायवरच्या गादीला लागूनच, अंधारातही हात बरोबर जायचा त्यावर. ओढ्याकडं जाणाऱ्या म्हसोबाच्या उताराआधी गाडी थांबवू, लघवीचं निमित्त करू, पट्टा पुसू. कुणाला कळायचंही नाही.

"बन्सीधर, जरा थांबव. माझं काम हाय."

"ओढ्यावर थांबू की. इंजनात पानी बी घालायचं हाय."

"न्हाई, आत्ताच थांबव."

"चढ चढून आलो, आता उतार लागायलाय. इथं थांबलो तर येवढ्या वझ्यानं पुन्हा निघायची न्हाई. दोन मिनिटं कळ काढा, दादा." आणि उतार लागताच त्यानं पेट्रोल वाचवायला गिअर काढून टाकला. जालन्याची सवय.

मागं बायांनी नरसिंहाचं गाणं धरलं होतं. खाली ओढा दिसला. रात्रीच्या पावसानं तो गढूळ, दोन्ही काठ भरून चालला होता. कठडा नसलेल्या दगडी फरशीच्या पुलावरून वीतभर पाणी वाहत होतं, आणि फरशीवर जायला ऐन तळाशी रस्ता डावीकडं वळत होता. लॉरीनं वेग घेतला. बन्सीधरनं पाय दाबला. पुन्हा दाबला. त्याच्या तोंडातलं पान तसंच राहिलं.

"दादा," तो हळूच म्हणाला, "धरत न्हाई."

रायभान तयारच होता. पार्वतीबाईंच्या पुढून वाकून त्यानं हात खाली घातला, अठरा वर्षं ज्या जागी घालत आला त्याच जागी. हाताला फळी लागली. त्यानं पुढं चाचपलं, मागं चाचपलं. नवीकोरी, गुळगुळीत फळी.

"हातबिरेक! हातबिरेक कुठाय?"

"तो दांडा?" बन्सीधर ओरडला. "तो मिस्त्रीनं तवाच काढला! फळ्यांना आडवा येत होता!"

महिनाभर गाडी तिथं उभी होती. एकदा खाली वाकून बघितलं असतं तर कळलं असतं. रायभाननं बघितलं नव्हतं, कारण तो रुसला होता.

"उड्या मारा!" तो मागं वळून किंचाळला. गाण्यात कुणाला ऐकूच गेलं नाही. बन्सीधरनं सुकाणू पार पिळून काढलं, पण लांबवलेली लॉरी तेवढ्या जागेत वळेना. पार्वतीबाईंनी एका हातानं नारळ धरला होता आणि दुसऱ्या हातानं रायभानचं मनगट.

ओढ्यातून बारा माणसं जिवंत निघाली. बन्सीधर त्यांत नव्हता. पार्वतीबाई दुपारी सापडल्या, अर्ध्या कोसावर, बाभळीला अडकलेल्या. रायभानला नुसतं खरचटलं होतं, कोपरावर.

सारी टाकळी काठावर जमली होती. बाया ऊर बडवत होत्या. आईचं तोंड धोतराच्या सोग्यानं पुसून दिनकरराव उठले आणि सरळ रायभानकडं आले. रायभान चिखलात उभा होता. आता सांगायचं, हे त्यानं ठरवलं होतं. तोंड उघडलंही होतं.

"तुमी सांगत होता, दादा," दिनकरराव म्हणाले. "घसा कोरडा केला तुमी. आमीच न्हाई ऐकलं. आमी हसलो तुमाला. अन् तरी तुमी आईला वाचवायला गाडीत बसलात."

सगळं गाव बघत होतं. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, असा इमानी माणूस व्हायचा न्हाई. दिनकरराव खाली बसले आणि त्यांनी रायभानचे पाय धरले, आणि रायभाननं ते धरू दिले.