मामाची मांडी

"उद्या समुद्र आहे, जयसिंग. सकाळी सहाला गाडी साहेबाच्या दारात पाहिजे," गाडीचा मालक रणजीतशेठ फोनवर म्हणाला.

"शेठ, मागच्या महिन्यातच सांगितलंय. उद्या भाच्याचं जावळ हाय. मामाच्या मांडीवर बसवल्याबिगर पोराच्या केसाला कात्री लावत न्हाईत आमच्यात."

"मग बहिणीला सांग, दुसरा मामा बघ. मला दुसरा ड्रायव्हर लगेच मिळतो."

फोन कट. समोर नाशिकचा द्राक्षमळा. माझा गोरा साहेब आणि त्याची मॅडम छत्रीखाली बसून ग्लासातली लाल दारू गोल गोल फिरवत होते. फिरवायची, हुंगायची, परत फिरवायची. अरे, प्या ना एकदाची! मी आपला उन्हात तापलेल्या गाडीला टेकून उभा.

साहेब चाकणच्या कंपनीत तीन वर्षांसाठी आलाय, राहतो रावेतला. परक्या मुलखात करमत नाही म्हणून शनिवारी द्राक्षमळा, रविवारी समुद्र. आणि मी? मी माझ्याच मुलखात, पण चऱ्होलीला बहिणीच्या घरी जायला मला रविवार मिळत नाही. आई-बाप गेले, भाग्यश्रीला मी एकटाच भाऊ. बारशाला पोचलो नाही, तर तिची सासू सोजरबाई अजून टोचते, "तुझ्या माहेराला कुनी हाय का न्हाई गं?" जावळही चुकलं तर भागीला त्या घरात मान वर करता आली नसती.

रविवारी सकाळी मी नवं उपरणं आणि भाच्याचे, गणराजचे, नवे कपडे पुढच्या सीटवर ठेवले आणि साहेबालाच गाठलं. "सर, सिस्टर, बेबी, हेअर कटिंग. टेन मिनिट." साहेब हसला, "ओके जय, वुई ऑल गो!" मॅडमनं तर टाळ्या वाजवल्या. मला खरंच आनंद झाला. वर्षभर उगाच शिव्या दिल्या बिचाऱ्याला, असंही वाटलं.

गाडी चऱ्होलीला मांडवापुढे थांबली. मला बघून सोजरबाईंनी तोंड वाकडं केलं. मागचं दार उघडून साहेब उतरला, तशी बाई पदर सावरत पळत आली. "या, या पाव्हणं! अगं, खुर्ची आना!" कुणी साहेबाला फेटा बांधला, कुणी मॅडमला कुंकू लावलं. न्हावी वस्तरा घेऊन तयारच होता. मी पाटावर बसलो, मांडीवर उपरणं पसरलं आणि गणराजला घ्यायला हात पुढे केले.

"जयसिंग, उठ जरा," सोजरबाई म्हणाल्या. "सायबाला बसू दे. फोटू झ्याक येतोय."

"मावशी, मामा मी हाय."

"व्हय रं, कोन न्हाई म्हनतंय? तू काय घरचाच हायेस. सायेब रोज येतोय व्हय?"

सगळा मांडव हसला. मी भागीकडे बघितलं. ती सासूकडे बघत होती. मग खालच्या आवाजात म्हणाली, "दादा, उठ ना."

तिथं मात्र जीव तुटला. ज्या भागीसाठी एवढा आटापिटा केला, तीच असं म्हणाली. उठलो. पण उपरणं मांडीवरून ओढून घेतलं, खांद्यावर टाकलं. म्हटलं, बसा आता बिनउपरण्याचे!

साहेबाला काय कळणार? खुशाल बसला. वस्तरा फिरला, काळंभोर जावळ त्याच्या पांढऱ्या पँटवर पडलं. मी आणलेले कपडेसुद्धा सोजरबाईंनी मॅडमच्या हातून दिले. खाली पडलेले केस ताटलीत गोळा झाले. जेवायला थांबायचा आग्रह झाला, तोही साहेबालाच. मी गाडी चालू केली.

"ग्रेट डे, जय!" साहेब म्हणाला. मी गाडी घाटाच्या रस्त्याला लावली.

समुद्रावर दोघं पाण्याकडे पळाले. मी तोवर कधी पाण्यात गेलो नव्हतो. माझा रविवार खाऊन बसलेल्या त्या पाण्यात पाय घालायचा नाही, हा माझा हट्ट. सीट झाडायला मागचं दार उघडलं. साहेब बसला होता तिथं मऊ, बारीक केस चिकटलेले. "घाण करून ठेवली च्यायला," म्हणत ब्रश उचलला आणि हात थांबला. गणराजचं जावळ होतं ते. साहेबाच्या पँटवरून इथं आलं होतं.

जावळ पायदळी जाऊ द्यायचं नसतं, वाहत्या पाण्यात सोडायचं असतं. आमच्यात तेही मामानंच करायचं. एकेक केस बोटानं टिपून उपरण्यावर घेतला. बूट काढले, पँट दुमडली आणि पाण्यात शिरलो.

"जय! पिक्चर, प्लीज!" साहेब फोन पुढे करत आला.

"थांब रे जरा," मी मराठीतच म्हणालो आणि वाकून उपरणं लाटेत उघडलं.