समन्वयाचा ग्रुप

आमच्या शहराचं नाव सांगत नाही. ते जालना जिल्ह्यात आहे, नदीकाठी आहे आणि दर दोन-तीन वर्षांनी निम्मं पाण्यात जातं, एवढी ओळख पुरे. पूर अडवायला इथे भिंत नाही, समिती आहे. पालिका, पाटबंधारे, महसूल, वीज, पोलीस असे सगळे तिच्यात, आणि शोभेला नागरिकांचा एक प्रतिनिधी. तो मी. शाळेत विज्ञान शिकवतो म्हणून त्यांनी मला घेतलं. नदीकडेच्या खालच्या गल्लीत माझी झुंबर आत्या एकटी राहते म्हणून मी गेलो.

काम तसं एकच होतं. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले की तासाभरात पाणी गल्लीत शिरतं. त्याआधी गल्लीला निरोप पोचायला हवा. बस्स. पण पहिल्या बैठकीत त्यावर कोणी बोललंच नाही, कारण प्रत्येक खात्याच्या साहेबाला शाल-श्रीफळ द्यायचं होतं, आणि ज्यांनी दिलं त्यांनाही कोणीतरी द्यायला नको का?

दुसऱ्या बैठकीत व्हॉट्सॲप ग्रुप निघाला. समन्वय अधिकारी सोमेश्वरराव त्याचे ॲडमिन. धरणावरचा कर्मचारी पुंजाराम रोज पाण्याची पातळी टाकायचा आणि बाकीचे त्यावर गुलाबाची फुलं टाकायचे. सुप्रभात, सुविचार, साहेबांचा वाढदिवस. त्या वाढदिवसाच्या केकांखाली पातळी कुठे गाडली गेली, ते शोधताना माझं बोट दुखलं. मी बैठकीत तक्रार केली. सोमेश्वररावांनी ती गंभीर चेहऱ्याने ऐकली आणि इलाज काढला: यापुढे ग्रुपवर फक्त ॲडमिन लिहिणार. खोकल्याचं औषध मागावं आणि वैद्याने तोंडच शिवून द्यावं, तसला हा इलाज.

"मग पुंजाराम पातळी टाकणार कशी?" मी विचारलं.

"मला फोन करंल, मी ग्रुपवर टाकीन. आन् हे बघा सर, परस्पर कोणी कोणाला कळवायचं न्हाई. मागं अफवेनं सगळा बाजार उठल्ता. जे काय हाय ते बराबर ग्रुपवर येईल."

"आणि तुम्हीच फोन उचलला नाही तर?"

"तुम्ही मास्तर लोक लई शंका काढता बुवा!"

सगळे हसले. निर्णय सर्वानुमते झाला. आमच्याकडे सर्वानुमताला माझं मत लागत नाही.

सप्टेंबरात आढावा बैठक लागली. पाऊस चार दिवस उघडला नव्हता, पण आढावा कसला घ्यायचा होता? उत्कृष्ट समन्वयाबद्दल सोमेश्वररावांचाच सत्कार होता. सगळ्यांनी फोन सायलेंट करावेत, ही सूचना त्यांनीच माइकवरून दिली आणि आपला फोन टेबलावर उपडा ठेवला. मग भाषणं सुरू झाली. एकाने त्यांना शहराचा रक्षक म्हटलं. दुसऱ्याला त्याहून मोठं काही सुचेना, म्हणून त्याने तेच दोनदा म्हटलं.

टेबलावरचा फोन थरथरत होता. थांबायचा, पुन्हा थरथरायचा.

"साहेब, फोन," मी म्हणालो. शाल नेमकी खांद्यावर येत होती. फोटोवाल्याकडे बघत त्यांनी मला हातानेच थांबा म्हटलं. मी उठलो आणि फोन उचलला.

"साहेब, कवाचा फोन लावून राह्यलो!" पुंजाराम रडकुंडीला आला होता. "दरवाजे उघडून तास झाला. ग्रुपवर टाकाया गेल्तो तर टाकूच देईना. आता पानी गावात गेलं असंल बघा!"

आत्याला फोन लावला तर तिचा बंद. मी तसाच पळत सुटलो. खालच्या गल्लीच्या तोंडाशी गढूळ पाणी दुकानांच्या पाट्यांना लागलं होतं आणि पोलीस कोणाला पुढे सोडत नव्हते. निरोपाची वाट न बघता लोक पाणी पाहून आपणच निघाले होते, शाळेच्या गच्चीवर सगळी गल्ली उभी होती. एकच माणूस नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सोमेश्वररावांनी ग्रुप सर्वांसाठी खुला केला. श्रद्धांजली वाहता यावी म्हणून! पालिकेने वाहिली, पाटबंधाऱ्याने वाहिली, वीजवाल्यांनी हात जोडले. फुलं पुन्हा पडू लागली. मी ग्रुप सोडला तर साहेबांचा फोन आला, "सर, असं करू नका, समन्वयात खंड पडतो." मी त्यांना जे बोललो ते शाळेतल्या माणसाने लिहू नये.

सांत्वनाला आत्याची शेजारीण शालू आली.

"दादा, आम्ही लई वढलं हो त्यांना. चला म्हनलं, जल्दी चला. पर त्या उंबऱ्यावरून हालंनात. म्हनल्या, माझा भाचा कल्याण हाय त्या कमिटीत. पानी येनार असतं तर त्यानं मला कळवलं असतं. तुमी व्हा म्होरं, त्याचा फोन आला की मी निघतेच."