फिकट गुलाबी

गुम्मिडिपूंडीच्या त्या खाद्यतेलाच्या कारखान्यात प्रत्येक नमुन्याची आम्लता दोघांनी वेगवेगळी तपासायची, आणि आपलं काम होईपर्यंत दुसऱ्याचा आकडा बघायचा नाही, ही पद्धत कृष्णवेणीनेच घालून दिली होती. ब्युरेटमधून, म्हणजे तोटी लावलेल्या काचनळीतून, तेलात अल्कली थेंब थेंब सोडायची आणि पहिली फिकट गुलाबी छटा टिकली की थांबायचं; जितके थेंब जास्त, तितकी आम्लता जास्त. निवृत्तीनंतर कंपनीने तिला वर्षावर्षाच्या करारावर परत बोलावलं ते त्या नजरेसाठी. आता ती सहासष्ट वर्षांची होती. तिच्या पगारामुळेच तिरुवल्लिकेणीच्या घरी कामाला ठेवलेली विद्युलता दिवसभर कृष्णवेणीच्या एकोणनव्वद वर्षांच्या आईजवळ बसू शकत होती. एकुलता भाऊ अमेरिकेत. तो रविवारी फोन करी.

ऑगस्टमध्ये तिच्या प्रयोगशाळेने आम्लता जास्त म्हणून तेलाचा एक टँकर नापास करून परत पाठवला. तेल पुरवणाऱ्या गिरणीवाल्याने तेच तेल बाहेर तपासून घेतलं, तर ते उत्तम निघालं.

"अक्का, दोन्ही आकडे चुकलेत," वादिराज म्हणाला. तो आता व्यवस्थापक होता, पण शिकला होता तिच्याच हाताखाली. अजूनही तिच्यासमोर खुर्चीत बसत नसे. "ती नवी मुलगी, सौम्या. तिचा हात सैल आहे. तिचं बघून तुम्हीही सांभाळून घेतलं असणार. जाऊ दे. सोमवारी तिची उमेदवारी संपते, तिला पाठवून देतो."

कृष्णवेणी आपल्या टेबलाशी परत गेली.

दुपारी तिने वही उघडली. दोघींचे आकडे तीन महिने शेवटच्या दशांशापर्यंत सारखे होते. दोन माणसांचे हात इतके कधी जुळत नाहीत.

"सौम्या, तू माझं बघून लिहितेस?"

मुलीचा चेहरा पडला. "अय्यो, अक्का... माझा आकडा नेहमी कमी यायचा. मला वाटलं, माझंच चुकतंय. आमच्या घरी आजोबा पंचांग चुकीचं वाचतात, तरी सगळे ते सांगतील त्याच दिवशी एकादशी करतात."

"आणि मग?"

"मग काय, दोनदा उपाशी राहतो."

कृष्णवेणीला हसू आलं. तिने पांढऱ्या फरशीवर नवा नमुना ठेवला. "मी सोडते. गुलाबी दिसलं की आकडा मनात धर. बोलू नकोस."

थेंब पडत राहिले. तिने चंचुपात्र हलवलं, पुन्हा हलवलं. बऱ्याच वेळाने तिला छटा दिसली, अगदी पुसट. तिने तोटी बंद केली.

"दोन पूर्णांक सहा. तुझा?"





"दोन पूर्णांक एक."

"आणि आता कसं दिसतंय?"

"आता तर... जास्वंदीसारखं आहे, अक्का."

मे महिन्यात अण्णा नगरच्या डॉक्टरांनी तिला मोतीबिंदू सांगितला होता. ऑपरेशनचा फॉर्म दिला होता. त्यात 'सोबत येणारी व्यक्ती' अशी एक ओळ होती, आणि त्या ओळीपाशी अडून तो फॉर्म पर्समध्येच राहिला होता.

तिने वहीत दोन्ही आकडे शाईने लिहिले, खाली सही केली आणि वही वादिराजच्या टेबलावर ठेवली.

"चूक माझ्या डोळ्यांची आहे. तिचा हात चांगला आहे. सोमवारी तिला पक्कं कर."

वादिराजने पान वाचलं. "ऑपरेशन करून या, अक्का. तुमची जागा..." तिचा करार सप्टेंबरात संपत होता, आणि पासष्टीनंतरच्या नव्या करारासाठी डोळ्यांचा दाखला लागायचा; ऑपरेशन होऊन डोळे सुधारेपर्यंत तो मिळणार नव्हता. तो नियम दोघांनाही पाठ होता.

संध्याकाळी तिने विद्युलताला सांगितलं, की ऑक्टोबरच्या एक तारखेपासून यायची गरज नाही. विद्युलताने डोळे पुसले आणि डबा उचलून ती गेली. आईने मात्र पलंगावरूनच सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे तू आता दिवसभर घरी?"

"हो, आई."

"बरं झालं गं!" अन्नपूर्णाबाईंनी बोळक्या तोंडाने हसत तिचा हात पकडला. "इतकी वर्षं सारखं जायचं, सारखं जायचं. तुझ्या हातात हा कागद कसला?"

"डोळ्यांचा. सोबत कोण येणार, ते लिहायचंय."

"त्यात काय? मी येते की."

दोन वर्षांत आईने पलंगावरून खाली पाऊल ठेवलं नव्हतं.

"सरी, ठीक आहे," कृष्णवेणी म्हणाली. कागद डोळ्यांजवळ धरून तिने ती ओळ शोधली आणि तिथे आईचं नाव लिहिलं.