गारेगारच्या बाजूचा सिनेमा

“आई, खरं खरं सांग हं. बाबांच्या आधी तुला कोण आवडायचं?”

मित्रांनो, एवढा आगाऊ प्रश्न मी विचारलेला नाही. मी कसा विचारणार? मला तोंडच नाही! मी आहे सिनेमाचा एक जुना पडदा. त्या दुपारी माझी घडी बैठकीच्या खोलीत कपाटाला टेकून बसली होती. प्रश्न विचारला तो या घरच्या भिंगरीने. एका जागी बसत नाही, म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं. मैत्रिणींनी तिच्याशी पैज लावली होती की हा प्रश्न आईला विचारायचा, आणि तोही बाबा समोर असताना. तिने सरळ विचारून टाकला.

आईने काय उत्तर दिलं ते सांगतो, पण जरा दम धरा. आधी माझी ओळख करून घ्या, कारण त्या उत्तरात मीही आहे. शिवाय त्या दुपारी माझा जीव टांगणीला लागला होता. दुसऱ्या दिवशी घर रंगवायला रंगारी येणार होते आणि बाबा म्हणाले होते, “फरशीवर रंगाचे डाग पडतील. हा पडदा फाडू आणि अंथरू. नाहीतरी माळ्यावर पडूनच असतो.”

माझा जन्म भिंगरीच्या आजोबांच्या शिंप्याच्या दुकानात झाला. माझं कापड मांजरपाट. नाव ऐकून हसू नका! मांजराशी माझा संबंध पुढे आला, तो माळ्यावर. तिथे एका मांजरीने माझ्या घडीत पिल्लं घातली. असो. आजोबांनी कापडाचे लांब पट्टे जोडून मला शिवलं, चारी बाजूंनी काळी पट्टी लावली आणि दोरी ओवायला वरच्या काठाला नेफा केला. मधली शिवण थोडी जाड झाली. त्यामुळे प्रत्येक हिरोच्या नाकावर एक रेघ यायची. पोरांना वाटायचं, सगळे हिरो कुठेतरी धडपडून आलेले आहेत.

उन्हाळ्याची सुट्टी लागली की सिनेमावाले काका मला न्यायला यायचे. मैदानात दोन बांबू रोवायचे, त्यांच्यामध्ये मला ताणून बांधायचे. ऊन उतरायच्या आतच पोरं जागा धरायला हजर! कुणी चप्पल ठेवून जायचं, कुणी वीट, आणि एकाने तर आपल्या झोपलेल्या धाकट्या भावालाच जागेवर ठेवलं होतं. अंधार पडेपर्यंत गोट्यांचे डाव रंगायचे, काड्यापेटीच्या छापांची अदलाबदल चालायची. खिशातल्या लिमलेटच्या गोळ्या वितळून खिशालाच चिकटायच्या. मग त्या अस्तरासकट चोखायच्या!

आणि एकदा का प्रोजेक्टरचा झोत माझ्या अंगावर पडला, की काय सांगू! मी एरवी साधं पांढरं कापड, पण त्या उजेडात माझ्यावरून घोडे धावायचे, आगगाड्या जायच्या, समुद्र उसळायचा. रीळ बदलताना झोत नुसताच राहिला की पोरं हाताच्या सावल्या पाडायची. कुत्रा, पाखरू, ससा. मागून ओरडा व्हायचा, “ए कुत्र्या, खाली बस!” सगळं मैदान खो खो हसायचं. मी वाऱ्याने हलायचो, पण मला आपलं वाटायचं की मीही हसतोय.

आता एक गंमत ऐका. लोक फक्त माझ्या पुढेच बसत नसत. मी पातळ, त्यामुळे चित्र माझ्या आरपार जायचं आणि मागूनही दिसायचं. मागच्या बाजूला गवताचा उतार होता आणि तिथेच गारेगारवाल्याची गाडी उभी असायची. पुढे बसलेल्याने गारेगार आणायला उठायचं, तर परत येईपर्यंत जागा गेलेली. मागे बसणाऱ्याने नुसता हात लांब करायचा. म्हणून मावशीकडे सुट्टीला आलेली एक मुलगी रोज मागेच बसायची. नारिंगी गारेगार चोखून तिची जीभ, ओठ, हनुवटी, फ्रॉकचा गळा, सगळं नारिंगी झालेलं असायचं.

तीच भिंगरीची आई. आणि पुढे, अगदी पहिल्या रांगेत, शिंप्याचा मुलगा रुबाबात बसायचा. ते बाबा. “पडदा आमचाय” असं तो दिसेल त्याला सांगायचा. दोघांची तेव्हा साधी तोंडओळखही नव्हती. पुष्कळ वर्षांनी मावशीनेच त्यांचं लग्न जमवलं.

काळ बदलला. घरोघरी टीव्ही आले आणि सिनेमावाले काका यायचे थांबले. मी आधी स्कूटरवर पांघरूण झालो, मग गाद्या बांधायचं फडकं, मग माळा. मी रुसलो नाही. एका मैदानाला इतक्या उन्हाळ्यांत हसताना, रडताना, शिट्ट्या मारताना बघायला मिळालं, हे एका मांजरपाटाला काय कमी आहे?

तर, त्या दुपारी आई कलिंगड कापत होती, डाव्या हाताने. ती डावखुरी आहे. दुकानांच्या पाट्या रंगवणं हा तिचा धंदा. काचेच्या दारांवर ती आतल्या बाजूने उलटी अक्षरं काढते, बाहेरून ती सुलटी दिसतात. भिंगरीचा प्रश्न ऐकून तिने सुरी खाली ठेवली आणि चक्क लाजली.

“होता एक,” ती म्हणाली. “घोड्यावरून यायचा.”

“अगं, मला कधी बोलली नाहीस!” बाबांनी वर्तमानपत्र खाली घेतलं.

“अहो, सिनेमातला हो! मावशीकडे मैदानात बघितलेला. निळा रुमाल बांधायचा आणि डाव्या हाताने तलवार चालवायचा. डावखुरा होता माझ्यासारखा.”

“डावखुरा? तो?” बाबा हसले. “मी तो सिनेमा दरवर्षी बघितलाय. उजव्या हातात तलवार होती.”

“डाव्या. मी डोळ्यांनी बघितलंय.”

“मग मी काय कानांनी बघितला?”

भिंगरी टुणकन उठली. “थांबा, भांडू नका. फोनवर बघते.”

तिने शोधला आणि त्या सिनेमाचा तुकडा मिळालाही. तोच घोडा, तोच निळा रुमाल. आणि तलवार उजव्या हातात. नीट, स्पष्ट, उजव्या.

“बघ!” बाबांनी मांडीवर थाप मारली. “हरलीस!”

आई मात्र हसली नाही. तिने फोन हातात घेतला, तुकडा पुन्हा लावला, पुन्हा बघितला. मग हळूच म्हणाली, “शाळेत बाई माझ्या डाव्या हातातली पेन्सिल काढून उजव्या हातात द्यायच्या. जेवताना मावशी चमचा बदलायची. मी रडायचे. मग हा सिनेमा बघितला आणि दुसऱ्या दिवशी मावशीला ठणकावून सांगितलं, तो एवढा मोठा हिरो डाव्या हाताने लढतो, मग मी डाव्या हाताने जेवले तर काय बिघडलं? त्यानंतर मी हात बदलला नाही. आणि तो डावखुरा नव्हताच?”

बाबांचा हात मांडीवरच राहिला. मित्रांनो, माझ्या घडीघडीतून ओरडावंसं वाटत होतं. अहो, मला विचारा ना! मला माहीत आहे! पण तोंड नसलेल्याने ओरडायचं कसं?

भिंगरी ओठ चावत विचार करत होती. “आई, तू बसायचीस कुठे?”

“गारेगारवाल्याजवळ. गवतावर.”

“म्हणजे पडद्याच्या मागे?” बाबा सावरून बसले.

“हो, मागेच. का?”

भिंगरीने मला उचललं. माझी घडी मोडली, एक टोक बाबांच्या हातात दिलं, दुसरं कपाटाच्या दारात अडकवलं, खिडकी लावून घेतली आणि मला ताणलं. किती वर्षांनी कुणी मला ताणलं होतं! तिने फोनचा दिवा लावून माझ्यावर आपल्या उजव्या पंजाची सावली पाडली. “इकडून उजवा हात दिसतोय ना? आई, आता पलीकडे जा. कुठला हात दिसतोय?”

आई पलीकडे गेली. तिने सावलीच्या अंगठ्यावर बोट ठेवलं. मग एकदम खळखळून हसली.

“अगं बाई! डावा! उलटं दिसतंय! जन्म गेला माझा काचेवर उलटी अक्षरं काढण्यात, आणि हे कधी डोक्यात आलं नाही!”

“आणि सुरुवातीची नावं? ती पण उलटीच दिसली असतील ना?” भिंगरीने विचारलं.

“नावं कोण वाचतंय! तेव्हा मी गारेगार घेत असायचे.”

सगळे पोट धरून हसले. पण हसता हसता आईचा आवाज जरा ओला झाला. “म्हणजे खरंच नव्हता तर तो डावखुरा.”

तेव्हा बाबा काय म्हणाले माहीत आहे? एरवी ते पक्के चिडवणारे. पण माझं टोक हातात तसंच धरून ते म्हणाले, “पुढच्या लोकांसाठी नव्हता. पण तुझ्या बाजूने होता की.”

मित्रांनो, मला आसवं येत नाहीत हे बरंच झालं, नाहीतर मी तिथेच भिजलो असतो. इतकी वर्षं मला वाटायचं, माझं काम पुढच्यांसाठी. मागच्यांना मिळायचं ते फिकट, उलटं, उरलंसुरलं. आणि त्याच उलट्या चित्रातून एका लहान मुलीला तिचा हात परत मिळाला होता! माझे किती उपकार, असं नाही म्हणत मी. उलट मीच ऋणी आहे. त्या गवतावरच्या मुलीचा, गारेगारवाल्याचा, माझी शिवण जाड घालणाऱ्या आजोबांचा, आणि आगाऊ प्रश्न विचारणाऱ्या पोरींचाही.

तुमच्याही माळ्यावर माझे भाऊबंद असतील. भोवरे, कॅसेटी, पत्र्याचे डबे, चाक निखळलेल्या गाड्या. ते फेकायच्या आधी एकदा खाली काढा, झटका, आणि घरातल्या मोठ्यांना विचारा की याच्याशी तुम्ही काय खेळलात. मग ठेवायचं की टाकायचं ते ठरवा. माझं म्हणणं एवढंच.

माझं काय झालं म्हणता? बाबा मला घडी घालायला लागले, तर भिंगरीने मला त्यांच्या हातातून ओढून घेतलं आणि खांद्यावर टाकलं. माझं अर्धं अंग फरशीवर लोळत होतं.

“ऐका दोघंही. मी ठरवलंय,” ती म्हणाली. “रंगारीकाकांना अंथरायला वर्तमानपत्रं द्या. पडदा मी आजच धुणार, आणि शनिवारी भाड्याने प्रोजेक्टर आणून गच्चीवर हाच सिनेमा लावणार. माझ्या सगळ्या मैत्रिणी येणार आहेत. आणि बाबा, तुम्ही पुढे बसायचं नाही!”