केकच्या मधोमध दाभण

कड

कडा आधी शिजतात. टिनचा पत्रा तापतो, त्याला लागलेलं बॅटर लगेच धरतं, आणि मधलं बिचारं पातळच राहिलेलं, जायला दुसरी जागा नाही म्हणून वर चढतं. डोंगर होतो. मग बायका सुरी घेऊन डोंगर छाटतात, छाटलेला डोंगर पोरांना चारतात, उरलेल्या सपाटीवर क्रीम थापतात आणि लोकांना सांगतात, बघा, कसा एका पातळीत आलाय. घरी केकचे वर्ग घेणाऱ्या काकूंच्या मते ही सरळसरळ फसवणूक होती. कापून सपाट केलेला केक म्हणजे पोट आत ओढून काढलेला फोटो.

त्यांच्या वर्गात सुरीला बंदी होती. जुन्या टॉवेलच्या पट्ट्या फाडायच्या, भिजवून पिळायच्या, टिनभोवती गुंडाळायच्या, म्हणजे कडेला ऊब सावकाश पोचते आणि कड व मध्य बरोबरीने वर येतात. आच मंद. सगळ्या टिनांत बॅटर तोलून सारखं. आणि दार उघडायचं नाही.

"थोडंसंच उघडलं तर?" दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"तुम्ही दाढ काढताना पेशंट मध्येच उठून चक्कर मारून आला तर चालतं का?"

"नाही चालत."

"मग."

दार उघडणाऱ्या बाईबद्दल काकूंचं मत ठरलेलं होतं. असली बाई नवऱ्याचे खिसे तपासते. झोपलेल्या बाळाला हलवून, झोपलंय ना, म्हणून विचारते. तिने दार उघडलं की गार हवा आत शिरते आणि वर आलेला मध्य मटकन खाली बसतो, आणि बसावाच, कारण अशा बाईसाठी उभं राहायचं तरी कशाला?

मग केक झाला हे कळायचं कसं? वासावरून. इथे काकूंची खरी मिजास. बाहेरच्या खोलीत बायकांना समोर बसवून स्वतः स्वयंपाकघराकडे पाठ करायची, कोणाच्या तरी अंड्यांची किंवा कोणाच्या तरी अकलेची खरडपट्टी काढायची, आणि वाक्याच्या मध्येच थांबून म्हणायचं, "काढा." काढलेला केक झालेला असायचा. कोणी थर्मामीटर आणलाच तर, "का, ताप आलाय त्याला?" कोणी टोचून बघायला काडी आणलीच तर नाक मुरडणं, तेही असं की काडीवालीने काडी स्वतःच्याच पर्समध्ये लपवावी.

हे सगळं गेल्या हिवाळ्यापर्यंत.

कडेच्या जरा आत

सर्दी झाली. सर्दी गेली आणि जाताना वास घेऊन गेली.

काकूंना हे कळलं ते दुधापुढे उभं असताना. धाकटी जाऊ वरच्या मजल्यावरून धावत आली.

"जाऊबाई, दूध करपलंय. वरपर्यंत वास आलाय."

"माहितेय मला."

"मग बंद नाही केलंत?"

"करपवतेच आहे. कॅरमलसाठी."

"दुधाचं?"

"तुला नाही कळायचं."

जाऊने गॅस बंद केला, पातेलं भिजत घातलं आणि एक शब्द न बोलता वर निघून गेली. काकूंना ते न बोलणंच जास्त झोंबलं. ही जाऊ म्हणजे चहात साखर किती घालू हे फोनला विचारणारी बाई. तिचे केक एका बाजूला कललेले यायचे, शेजारच्या घरातलं बोलणं ऐकत असल्यासारखे. आणि हिला वर्ग काढायचा होता, वरच्या मजल्यावर. त्यासाठी नवा ओव्हन आला होता, काचेच्या दाराचा, आत दिवा लागणारा. "छान," काकू म्हणाल्या होत्या, "आता केकला अंधारात भीती नाही वाटणार."

त्यांनी कोणालाच काही सांगितलं नाही. उशा शिवायचं दाभण एप्रनच्या खिशात टाकलं. वर्ग ऐन रंगात आला की, "जरा पाणी पिऊन येते." आत जायचं, दार किलकिलं करायचं, मधोमध टोचायचं, दाभणाला काही चिकटलंय का बघायचं, दार लावायचं. परत येऊन पाठ फिरवायची. मध्य थोडा बसायचा. "तुमची अंडी गार होती," काकू सांगायच्या. "तुम्ही पीठ पोरासारखं झोडपलंत." बायका खाली मान घालायच्या. पण त्यांतल्या तिघी परस्पर वर जाऊन काचेचा ओव्हन बघून आल्या. जिन्यात काढून ठेवलेल्या चपलांनी चुगली केली.

वर्ग गेला तर काकूंकडे काय उरणार होतं? एक ओव्हन आणि एक मत.

मध्य, अजून कच्चा

डॉक्टरीणबाईंच्या आईवडिलांच्या लग्नाचा वाढदिवस. तीन थर, एकावर एक. सगळ्या वर्गाने मिळून केलेले. वर जाऊन आलेल्या तिघीही आल्या होत्या, पण खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या, पाहुण्यांसारख्या. चाळण परत द्यायच्या निमित्ताने जाऊ खाली आली आणि बसलीच.

"काय घमघमाट सुटलाय," बँकेत नोकरी करणारी एक म्हणाली.

"हो ना. काकू, झाला का?"

"घमघमाट कच्च्यालाही सुटतो. थांबा."

"तुम्हाला कसं कळतं हो?"

"लक्ष असलं की कळतं. तुमचं फोनमध्ये असतं."

"फोन तर पर्समध्ये आहे माझा."

"मग लक्ष पर्समध्ये."

हसल्या सगळ्या. मग हसणं संपलं आणि सगळ्या काकूंच्या तोंडाकडे बघत बसल्या. काकूंच्या नाकात हवा जात होती आणि येत होती. नुसती हवा. धुतलेल्या फरशीसारखी.

"जरा पाणी पिऊन येते."

"मी आणते," जाऊ उठली.

"तू बस. पाण्यात काय घालायचं ते तुला फोनला विचारावं लागेल."

आत त्यांनी दार उघडलं. तीन सपाट, फिकट, सुंदर केक. इतक्या वर्षांत इतके सारखे आले नव्हते. त्यांनी जवळच्याला टोचलं. दाभण ओलं. दुसऱ्याला टोचलं, ओलं. तिसऱ्यापर्यंत हात जाईस्तोवर पहिला खाली जायला लागला होता, घाई न करता, म्हातारा माणूस आरामखुर्चीत बसतो तसा.

मध्य

टेबलावर तीन केकच्या तीन खोलगट बशा झाल्या होत्या. त्यांत सूप वाढता आलं असतं.

"दार उघडलं कोणीतरी," काकू म्हणाल्या. आवाज नेहमीचा. "कोण ते बोला."

डॉक्टरीणबाई वाकून बघत होत्या. दिवसभर लोकांच्या तोंडात बारीक काळे ठिपके शोधणारी बाई ती.

"भोक आहे इथे," त्या म्हणाल्या. "आणि इथेही. काडीचं नाही. सुईपेक्षा जाड काहीतरी."

काकूंचा हात एप्रनच्या खिशावर गेला. तिघींतली एक छताकडे बघायला लागली, दुसरी जिन्याकडे.

"मी उघडलं," जाऊ म्हणाली. "मघाशी, चाळण ठेवायला आत गेले तेव्हा. राहवलं नाही. चुकलंच माझं, जाऊबाई."

झालं. सुटका. तिचं म्हणणं खरं मानायचं, मान हलवायची, हिला चार शब्द सुनवायचे आणि वर्ग उद्या पुन्हा सुरू. काकूंनी तोंडही उघडलं त्यासाठी. मग त्यांना त्या बाईचा चेहरा दिसला. त्यावर कीव होती. कललेले केक करणारी, दिव्याच्या ओव्हनवाली, चहाला फोन लागणारी बाई त्यांची कीव करत होती.

"तू?" काकू म्हणाल्या. "तुला मध्य सापडतो का आधी? हे बघ. बरोब्बर मधोमध आहे. दोन्हीकडे. तू टोचलं असतंस तर कडेला असतं, नाहीतर टेबलात." त्यांनी दाभण काढून बशांच्या शेजारी ठेवलं. "माझं आहे हे. उगाच दुसऱ्याच्या कामावर नाव लावू नकोस."



"कधीपासून वास येत नाही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पेशंटला विचारतात तसं, दुसरीकडे बघत.

"हिवाळ्यापासून. ज्यांना वर जायचंय त्यांनी खुशाल जा. तिथे दिवा आहे. केक वाकडा येईल, पण उजेडात येईल."

बँकेतलीने पर्स उचलली, मग परत ठेवली. "पण पट्ट्या वर कोण शिकवणार?" ती म्हणाली. "ह्यांना नाही येत."

"नाहीच येत मला," जाऊ म्हणाली.

"माझ्याकडे संध्याकाळी माणसं येणार आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अंडी कोण फोडतंय?"

दुसऱ्यांदा सगळं झालं. पट्ट्या भिजल्या, बॅटर तोललं गेलं. या वेळी काकू ओव्हनकडे तोंड करून बसल्या आणि शेजारी जाऊला स्टुलावर बसवलं, परीक्षेला बसवतात तसं.

"काय येतंय?"

"गोड."

"गोड हा वास नाही. ते मत झालं. नीट सांग."

"ओल्या बिस्किटासारखं."

"मग गप्प बस अजून."

बराच वेळ गेला.

"आता बदललं काहीतरी," जाऊ म्हणाली. "कसं सांगू... ओलेपणा गेला. इस्त्री संपवून कपड्यांची घडी घालतो ना आपण, तसं. आणि खाली लोणी."

बायका हसल्या. काकू हसल्या नाहीत. इतक्या वर्षांत त्यांनी एकाही बाईला तो वास कसा असतो हे सांगितलं नव्हतं. नुसतंच काढा म्हणाल्या होत्या.

"उपमा भिकार आहे," त्या म्हणाल्या, हातमोजे चढवले आणि ओव्हनचं दार उघडलं.