डाव्या बाजूची पाटी

"पाटी वाच आधी, मग बोल," ताई म्हणाली. "मोठ्याने वाच. मलाही ऐकू येऊ दे."

धाकट्या भावाने पाटी वाचली नाही. ती त्यानेच रंगवून आणली होती, त्याला ती पाठ होती. घड्याळाकडे बघत तो म्हणाला, "अगं, अकराला लोक येतायत. आत्ता नको ना सुरू करूस."

"मग मीच वाचते. 'मेणाचं पॉलिश, चौदा महिन्यांनंतर.' हे मेणाचं पॉलिश? डोळे फुटले का रे तुझे?"

नमुन्याची बोट यार्डाच्या फाटकाशी लाकडी ठोकळ्यांवर उभी होती, रस्त्यावरून येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. फायबरची, पांढरी, मधोमध निळ्या चिकटपट्टीने दोन भाग केलेली. उजवी बाजू अशी चकाकत होती, की तिच्यात बघून भांग पाडावा. तिकडची पाटी होती, 'सिरॅमिक कोटिंग, चौदा महिन्यांनंतर.' आणि डावी बाजू? तिचं वर्णन न केलेलंच बरं. बोट फिरवलं की खडूची पूड निघावी तशी पांढरी भुकटी निघत होती, पक्ष्यांनी आपला कार्यभाग उरकला होता, आणि एका स्क्रूखालून गंजाचा ओघळ थेट बुडापर्यंत गेला होता. चौदा महिन्यांत तिला ना मेण लागलं होतं, ना साबण, ना साधं फडकं.

हे ताईला माहीत नव्हतं असं नाही. धाकट्याने कोटिंगची एजन्सी घेतली तेव्हाच सांगितलं होतं, डाव्या बाजूला हात लावायचा नाही, लोकांना फरक दिसला पाहिजे. ताईने मान्य केलं होतं. एक बाजू कोटिंगची, एक काहीच न केलेली. यात खोटं काय? पण बावीस वर्षांत जिच्या हातून मळकी बोट पुसायची कधी राहिली नव्हती, तिला रोज त्या बोटीपुढून हात मागे बांधून जाणं जड गेलं होतं. वर आज सकाळी ही पाटी. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती ती अजून उतरली नव्हती.

"अगं, लोक तुलना मेणाशीच करतात," धाकटा समजुतीच्या सुरात म्हणाला. "'काहीच न केलेली' लिहिलं तर म्हणतील, मग त्यात काय विशेष?"

"विशेष नसेल तर नसेल. मेण चार महिने टिकतं, पुन्हा लावावं लागतं, हे मीच तुला शिकवलंय. चौदा महिने उपाशी ठेवून वर म्हणायचं, बघा, घरच्या जेवणाने किती वाळला!"

"तू फक्त उभी राहा. बोलू नकोस. एवढं कर माझ्यासाठी."

एवढं कर माझ्यासाठी. हे वाक्य ताईने आयुष्यात किती वेळा ऐकलं होतं! वडील गेले तेव्हा धाकटा नऊ वर्षांचा होता. ती एकोणतिसाव्या वर्षी या यार्डात बोटी घासायला लागली, कारण दुसरं कोणी तिला कामावर घेईना. पॉलिशपेपरने वरचा मेलेला थर काढायचा, मग मशीन फिरवायचं, मग मेण, मग हाताने चमक आणायची. बाई काय घासणार, म्हणून हसणारे लोकच पुढे बोट विकताना सांगू लागले, "ताईचा हात फिरलाय हिच्यावर." त्यापुढे गिऱ्हाईक जास्त चौकशी करत नसे. मूळ मालकाने यार्ड विकायला काढलं तेव्हा ते घेतलं तिच्या कष्टावर, कागदावर नाव लागलं धाकट्याचं. त्याचंही तिला कधी काही वाटलं नाही. यार्ड त्याचं, हात आपला, असा तिचा हिशेब होता.

अकराला सात-आठ बोटमालक आले. सगळ्यात पुढे हेडमास्तर, निवृत्त, ज्यांची अठरा वर्षांची बोट ताई दर पावसाळ्यानंतर घासत आली होती. सोबत त्यांची बायको. दोघांना मूलबाळ नाही. त्यांच्या घरी कोणी गेलं की आधी बोटीचे फोटो दाखवतात.

धाकटा बोलायला पक्का. त्याने पाण्याचा पाइप उजव्या बाजूवर धरला. पाण्याचे टपोरे थेंब झाले आणि घरंगळून खाली गेले. जमाव "वा!" म्हणाला. मग त्याने पाइप डावीकडे धरला. पाणी तिथेच पसरलं आणि बाजू आणखीच भेसूर दिसायला लागली.

"पाच वर्षं बघायला नको," धाकटा म्हणाला. "धुवायची कटकट नाही, घासायची नाही. एकदा लावा आणि विसरा."

हेडमास्तरांनी चष्मा सारखा केला आणि पाटी वाचली. मग डाव्या बाजूवर बोट फिरवलं, बोटाला लागलेली पांढरी पूड बघितली आणि विचारलं, "हे पॉलिश केलं कोणी?"

धाकटा क्षणभर थांबला. तेवढ्या क्षणात तो काहीही बोलू शकला असता. बाहेरच्या कामगाराने केलं म्हणाला असता तरी ताईने गिळलं असतं.

"आमच्या ताईनेच," तो हसून म्हणाला. "बावीस वर्षांचा हात आहे. आता तिच्या हातून एवढंच होतं म्हटल्यावर विचार करा."

हेडमास्तरांच्या बायकोने ताईकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली वळवली. कोणी म्हातारं झाल्यावर आपण वळवतो तशी.

ताई पुढे आली. तिने काही आरडाओरडा केला नाही. संताप इतका होता की आवाजच लहान झाला होता.

"मास्तर, या बाजूला चौदा महिन्यांत कोणी पाणीसुद्धा लावलेलं नाही. हा माझा हात नाही. माझा हात बघायचाय? तिकडे बघा." तिने चकाकत्या बाजूकडे बोट दाखवलं. "ती उजवी बाजू माझी आहे. कोटिंग लावायच्या आधी तीन दिवस मी ती घासलीये, चार वेगवेगळ्या नंबरांचे पॉलिशपेपर बदलून, मशीन मारून, स्पिरिटने पुसून. कोटिंगची बाटली त्यावर फिरवायला अर्धा दिवस लागला. चमक माझी आहे. बाटलीने ती धरून ठेवली, एवढंच."

"ताई!" धाकटा दातओठ खात म्हणाला.

"थांब रे. मास्तर, कोटिंग वाईट नाही. मी लावलंय, मला माहितीये. नवी बोट असेल, सावलीत असेल, नीट धुतली जात असेल, तर खुशाल लावा, माझी मेहनत वाचेल. पण जुन्या बोटीवर पूड तशीच ठेवून लावलंत, तर ती पूड त्या काचेसारख्या थराखाली बंद होते. मग ती काढायला कोटिंगच खरवडावं लागतं. आणि पाच वर्षं विसरायचं म्हणजे काय? मीठ बसतंच, धुवावं लागतंच. बुडाला शिंपले चिकटायचे ते चिकटतातच, त्यांना कोटिंग-बिटिंग कळत नाही."

"मग माझ्या बोटीला लावू की नको?" हेडमास्तरांनी सरळ विचारलं.

"आधी नीट घासू द्या. मग लावा, न लावा, फारसं बिघडत नाही. न घासता मात्र लावू नका, कोणीही सांगितलं तरी. अगदी माझ्या भावाने सांगितलं तरी."

एकाला अचानक काम आठवलं, दुसऱ्याला फोन आला. बघता बघता यार्ड रिकामं झालं. हेडमास्तर जाताना ताईपुढे थांबले. नुसतेच मान हलवून गेले.

फाटक लोटून धाकटा वळला तेव्हा त्याचा चेहरा लाल झाला होता.

"झालं समाधान? चारचौघांत माझं तोंड काळं केलंस! पोटावर पाय दिलास माझ्या!"

"तू माझ्या नावावर ही घाण चिकटवलीस, ते?"

"अगं, तुझ्यासाठीच केलं मी हे!" तो ओरडलाच. "खांदा बघ तुझा! हात डोक्याच्या वर जात नाही. आणखी किती वर्षं घासणार आहेस? कोटिंग चाललं असतं तर तुला मशीन धरावं लागलं नसतं. तेवढंही कळत नाही तुला?"

त्यात खोटं नव्हतं, हेच वाईट होतं. त्याला तिच्या खांद्याची काळजी होती. लहानपणी ती आजारी पडली की तो उशाशी बसून रडायचा, ते त्याचं रडणंही खरंच होतं. ताईच्या मनात ते सगळं आलं आणि त्यामुळे तिला आणखीनच राग आला.

"खांदा गेलाय, मान्य," ती म्हणाली. "तो तुझ्यासाठीच झिजवला, त्याबद्दल कधी चकार शब्द काढला? पण नाव तेवढं माझं होतं. ते तरी ठेवायचं होतंस."

धाकट्याने पाटीकडे पाहिलं. म्हणाला, "पाटी बदलतो मी. उद्याच बदलतो."

"बदल. ज्यांनी वाचली ते गेले घरी."

तिने नळावर हात धुतले, डबा पिशवीत टाकला. मग ॲप्रन काढायचा राहिला. ॲप्रनची गाठ पाठीमागे, बरोबर खांद्यांच्या मधोमध, आणि तिथे तिचा हात गेली चार वर्षं पोचत नव्हता. रोज सुटीच्या वेळी ती पाठ वळवून उभी राहायची आणि धाकटा बोलता बोलता गाठ सोडायचा. आजही सवयीने तो दोन पावलं पुढे आला, हात उचलला. ताई बाजूला झाली. फाटकाची कडी काढून ती रस्त्याला लागली, मेणाचे डाग पडलेला ॲप्रन तसाच अंगावर ठेवून.

भर दुपारची वेळ. बाजारातले लोक बघत होते. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने दुकानातूनच विचारलं, "काय ताई, ॲप्रन घालूनच? आज काम संपलं नाही वाटतं?"

"संपलं," ताई म्हणाली, आणि तशीच ताठ मानेने घरी गेली.